आमचा लॅब ३८ किलोंचा झालाय: कुठलं खाद्य, कुठली टॉनिकं?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी. इथे कुत्र्यांच्या खाण्यावर एक जुना धागा आहे, पण तो तिसऱ्या पानापासून शाकाहार-मांसाहाराच्या हाणामारीत गेलाय, म्हणून नवा काढतेय.

गुंड्या. पिवळा लॅब्राडोर, पाच वर्षं पूर्ण, नसबंदी झालेली. परवा रेबीजच्या लसीला नेलं तर काट्यावर ३८.२. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी बरगड्या चाचपल्या आणि म्हणाले, "ह्या कुठे ठेवल्यात?" बसून उठताना मागचा डावा पाय जरा जपून टाकतो, ते मला वाटलं म्हातारपण. पाचव्या वर्षी कसलं म्हातारपण, वजन आहे ते, असं ऐकून घेतलं. थायरॉइडची रक्ततपासणी झाली, ती ठीक आली. ३१ पर्यंत उतरवा म्हणाले.

येताना अपराधी भावनेने दुकानात शिरले. बाहेर पडले तेव्हा हातात होतं: ग्रेन-फ्रीचं पोतं (म्हणजे धान्य नसलेलं, नेहमीच्या खाद्याच्या दुप्पट किमतीचं), सांध्यांच्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, फिश ऑइल, मल्टिव्हिटॅमिनचं सिरप, लिव्हर टॉनिक आणि हळदीच्या वड्या. बिल सात हजारांवर. नवऱ्याने आकडा पाहून फक्त "बरं" एवढंच म्हटलं, त्याने जास्त लागलं.

पोतं अजून फोडलेलं नाही, दुकानदार परत घेतो म्हणालाय. यातलं काय ठेवू, काय परत करू? सध्या साधं कोरडं खाद्य देते, सकाळ-संध्याकाळ एकेक कप. वरचं खाणं काही खास नाही.

एक विनंती, ब्रँडची नावं घेऊ नका. त्या जुन्या धाग्याचं कुरुक्षेत्र तिथूनच झालं होतं.

खुंटा

आमच्याकडं सांगोल्याला कुत्री शिळी भाकरी ताकात कुस्करून खातात आणि लांडग्याला भिडतात. सात हजारात आमचं कुत्रं तीन पिढ्या जगेल.

ओसरी

खुंटा, तुमचं कुत्रं दिवसाला मेंढरांमागे दहा कोस पळतं. गुंड्या सोफ्यावरून पाण्याच्या भांड्यापर्यंत जातो. तुलना कशाला?

टेकडीवाली, घरी करून बघायची एक सोपी खूण सांगते. हाताची मूठ वळा आणि बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा टोकदार लागल्या तर तो हडकलेला. मूठ उघडून, पालथ्या पंज्यावर बोटं फिरवल्यावर लागतं तसं लागलं तर झकास. तळहाताच्या गादीवर लागतं तसं असेल तर मग तुमचा गुंड्या.

न्यूजर्सीकर

ग्रेन-फ्रीचं पोतं आधी परत करा, बाकीचं मग बोलू.

इकडे हे खूळ आधी आलं, म्हणून त्याचं पुढचं पानही आम्ही आधी वाचलं. २०१८ च्या जुलैत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार (डीसीएम) अशा कुत्र्यांमध्येही दिसतोय, ज्यांच्या जातीत तो एरवी आढळत नाही, आणि त्यातली बरीच कुत्री धान्यविरहित खाद्यावर होती. धान्य काढलं की ती जागा वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा असल्या गोष्टींनी भरतात. संशय धान्य नसण्यापेक्षा या भरतीवर जास्त आहे. २०२२ अखेरीस त्याच खात्याने सांगितलं की हाती आलेल्या नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणजे गुन्हा शाबीत नाही, पण ज्याचा काही फायदाही शाबीत नाही त्यासाठी दुप्पट पैसे का मोजायचे?

आणि "कुत्रा म्हणजे लांडगाच" हे दुकानातलं वाक्य ऐकू नका. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत सापडल्या, २०१३ मध्ये नेचरला आलं होतं. माणसाच्या उकिरड्याशेजारी हजारो वर्षं काढल्याचा परिणाम. खुंटा यांची भाकरी-ताकवाली कुत्री त्याचा चालता-बोलता पुरावा आहेत.

खुंटा

बघा, अमेरिकेतून पाठिंबा आला.

गोठा_ते_गल्ली

मी पशुवैद्य आहे. आधी बारा वर्षं गाई-म्हशी, आता शहरात कुत्री-मांजरं. गुंड्याला मी पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण एवढ्या धाग्यात कोणीच विचारलं नाही ते विचारतो: "एक कप" म्हणजे किती ग्रॅम? आणि पोत्यावर कॅलरी लिहिल्यात का?

आपल्याकडच्या बऱ्याच पोत्यांवर कॅलरी नसतात. मग मागच्या आकड्यांवरून काढायच्या. प्रथिनं, स्निग्ध, तंतू, ओलावा आणि राख (चुलीतली नव्हे, खनिजं, लिहिली नसेल तर ८ धरा) हे सगळं १०० मधून वजा करा. उरेल ते पिष्ट. उदाहरणार्थ २४ प्रथिनं, १२ स्निग्ध, ४ तंतू, १० ओलावा, ८ राख असेल तर पिष्ट ४२. आता प्रथिनं गुणिले साडेतीन, पिष्ट गुणिले साडेतीन, स्निग्ध गुणिले साडेआठ. ८४, १४७ आणि १०२. म्हणजे १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी.

गुंड्याला लागतात किती? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ३१ गुणिले ३१ गुणिले ३१ करा, वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ९२० च्या आसपास येईल. वजन उतरवायला साधारण इथून सुरुवात करतात. ३८ नव्हे, ३१ घ्यायचे हे विसरू नका, नाहीतर चरबीलाच जेवू घालाल. यातला दहावा हिस्सा वरच्या खाऊला ठेवला तर खाद्याला उरल्या ८३० कॅलरी, म्हणजे वरच्या हिशेबाने दिवसाला अडीचशे ग्रॅम. दोन्ही वेळचं मिळून.

आता किचनच्या काट्यावर तुमचा कप ठेवा आणि आकडा इथे टाका.

काळीमाऊ

वाचनखूण साठवली. (माझ्याकडे मांजर आहे, तरी.)

टेकडीवाली

डॉक्टर, आकडा टाकायची लाज वाटतेय.

कप म्हणजे आमच्याकडे स्टीलचा एक जुना उभा पेला आहे, ताकाचा. मी नेहमीसारखा भरला, म्हणजे वर शीग आली, आणि काट्यावर पालथा केला. २०५ ग्रॅम. परत भरला, २१०. तिसऱ्यांदा नवऱ्याला भरायला सांगितला, त्याने डब्यात घालून हलवून दाबून भरला, २३०. गुंड्या तोवर काट्यासमोर बसून लाळेचं तळं करत होता, त्याला वाटलं तीनदा जेवण आहे.

म्हणजे ४१० ग्रॅम धरले तरी १३६५ कॅलरी. तुमच्या हिशेबाच्या दीडपट, नुसत्या खाद्याच्या.

आणि "वरचं काही खास नाही" हे मी मागे घेते. काल रात्री जेवताना सहज विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "दुपारी एक पोळी देते मी त्याला, तूप लावून. कोरडी कशी द्यायची, मुका जीव." मग सासरे म्हणाले, "अगं, संध्याकाळची मी देतो ना." दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. शिवाय खाली वॉचमनदादा चहाच्या वेळी बिस्किटं देतात, चार तरी. म्हणजे दोन तुपाच्या पोळ्या आणि चार ग्लुकोज बिस्किटं. सव्वातीनशे कॅलरी धरल्या तर सगळं मिळून सतराशेच्या घरात.

ज्याला ९२० हव्यात त्याला सतराशे. आणि मी दुकानात लिव्हर टॉनिक शोधत होते.

ओसरी

अगं, तुझ्या घरी निदान कबूल तरी करतात. आमच्या आई अजून "मी काहीच देत नाही" म्हणतात आणि कुत्रा सकाळी त्यांच्या खोलीच्या दाराशी शेपूट हलवत उभा.

गोठा_ते_गल्ली

लाज वाटायचं कारण नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांत हाच पेला असतो. फक्त एकदम निम्म्यावर आणू नका, आठ-दहा दिवसांत उतरवत न्या. नेहमीचं खाद्य फार कापलं तर कॅलरींबरोबर जीवनसत्त्वं-खनिजंही कापली जातात. त्यामुळे वजन उतरवण्यासाठीचं, जास्त प्रथिनांचं आणि तंतूंचं खाद्य घेतलेलं बरं, ज्याच्यावर कॅलरी छापल्यात असं. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास उतरू दे, दोनच्या वर नको.

तो भुकेला दिसेल. लॅबच्या बाबतीत ते नाटक असेलच असं नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्याला पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. पण दुसरीकडे हेही ऐका. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घालून आयुष्यभर पाहिलं होतं. २००२ साली निष्कर्ष आले. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. आणि सांध्यांचा त्रास त्यांना उशिरा सुरू झाला. एवढं करणारी गोळी अजून कोणत्या दुकानात मी पाहिली नाही.

टेकडीवाली

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. "पावणेदोन वर्षं?" म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता त्या पिशवीतल्या गोष्टींचं बोला.

गोठा_ते_गल्ली

मल्टिव्हिटॅमिन सिरप परत. पोत्यावर "संपूर्ण आणि संतुलित" लिहिलेलं असेल आणि कोणत्या मानकानुसार ते दिलं असेल, तर त्यात जीवनसत्त्वं घातलेलीच असतात. अ आणि ड जीवनसत्त्व चरबीत विरघळून शरीरात साठतं, जास्तीचं लघवीवाटे जात नाही. लिव्हर टॉनिक परत, गुंड्याच्या लिव्हरने कोणाचं काही बिघडवलेलं नाही.

हळदीच्या वड्या: विषारी नाहीत, पण त्यांच्यावर सांधे सुधारतील अशी आशा ठेवू नका.

ग्लुकोसामाइनचा पुरावा कच्चा आहे. काही चाचण्यांत थोडा फरक, काहींत शून्य. नुकसान सहसा नाही. आणलंच आहे तर संपवा, पुन्हा आणू नका.

फिश ऑइल मात्र ठेवा. या यादीत सांध्यांसाठी त्यातल्या त्यात दम असलेलं हेच. फक्त बाटली फिरवून मागचं वाचा. पुढे "१००० मिग्रॅ" असतं ते तेलाचं वजन. कामाचं असतं ते त्यातलं ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए, आणि साध्या कॅप्सूलमध्ये ती दोन्ही मिळून ३०० मिग्रॅ असतात, १८० आणि १२०. डोस त्या आकड्यावर ठरतो, डॉक्टरांकडून घ्या. एका कॅप्सूलला नऊ-दहा कॅलरी पडतात, त्याही हिशेबात धरा. आणि कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी चीज आहे, त्यात अ आणि ड असतं, ते याऐवजी आणू नका.

जवसाबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: जवसातल्या ओमेगाचं ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार कमी होतं. चटणी तुम्हीच खा.

बांगडाप्रेमी

आम्ही म्हापशाला. आमच्याकडे फिश ऑइल बाटलीतून येत नाही, टोपलीतून येतं. तारली उकडायची, मधला काटा काढून टाकायचा, तेवढी एक. मीठ-हळद काही नाही. चालेल ना डॉक्टर? सुकी खारी मासळी मात्र देत नाही, मिठाने तहान तहान करतो.

गोठा_ते_गल्ली

उत्तम चालेल, तेवढं खाद्य कमी करा. रश्शातला तुकडा मात्र धुऊनसुद्धा नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कोल्हापूरकरांनी तर कांदा-लसूण मसाल्याचं उरलेलं वाटण कुत्र्याच्या ताटात घालूच नये. मनुका-द्राक्षं, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, ही बाकीची यादी फ्रिजवर चिकटवा.

पायलट_शेफर्ड

धागा थोडा पळवतोय, माफी. तीन महिन्यांचं जर्मन शेफर्डचं पिल्लू आहे. पिल्लांचंच खाद्य देतो. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी हाडं मजबूत व्हायला रोज दोन चमचे कॅल्शियम सिरप सांगितलंय. कान अजून उभे नाहीत म्हणून.

गोठा_ते_गल्ली

आजच बंद करा. कान कॅल्शियमने उभे राहत नाहीत, दात येऊन गेले की आपोआप राहतात, आणि ज्यांचे राहायचे नसतात त्यांचे राहत नाहीत.

यावर मी जरा तापतो, कारण वाकडे पाय घेऊन येणारी पिल्लं मी बघतो. वाढ पूर्ण झालेलं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातूनच बऱ्यापैकी अडवतं. पहिल्या काही महिन्यांतल्या पिल्लाला ते जमत नाही, जेवढं घालाल तेवढ्यातलं बरंचसं आत जातं. वेगाने वाढणाऱ्या मोठ्या जातींत त्याने हाडांची वाढच बिघडते. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेचं, म्हणजे आफ्कोचं मानक बघा: कॅल्शियमची कमाल मर्यादा एरवी कोरड्या वजनाच्या २.५ टक्के, पण मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी १.८. तुमच्या खाद्यात आधीच एक-दीड टक्का असणार. वर दोन चमचे कशाला? पोतं घेताना मोठ्या जातीच्या पिल्लांचं आहे ना, एवढं बघा.

पायलट_शेफर्ड

बाटली बेसिनमध्ये ओतली. धन्यवाद.

न्यूजर्सीकर

आफ्कोचा विषय निघालाच आहे तर: आफ्को कुठल्याही खाद्याला मान्यता देत नाही, तपासतही नाही, फक्त मानकं ठरवते. "आफ्को मान्यताप्राप्त" असं छापणारा एकतर अडाणी आहे किंवा आपल्याला समजतो. बघायचं ते वाक्य असं: खाद्य मानकानुसार कागदावर बनवलंय, की कुत्र्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून पाहिलंय. प्रौढ कुत्र्यांची ती चाचणीही काही मोठी नसते, किमान आठ कुत्री, २६ आठवडे. तरी नसल्यापेक्षा बरी.

गल्लीतली_राणी

पोत्यावरचा हिरवा ठिपका आणि अन्न सुरक्षेचा नंबर बघून घेते मी. ते पुरेसं नाही का?

गोठा_ते_गल्ली

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात "अन्न" या व्याख्येतूनच पशुखाद्य वगळलंय. तो कायदा माणसांच्या ताटाचा. त्यामुळे इथे ग्राहकालाच प्रश्न विचारावे लागतात. कंपनीला मेल करा: खाद्याची कृती कोण ठरवतं, पशुपोषणाचं शिक्षण घेतलेला माणूस पगारावर आहे का, कारखाना कोणाचा, एका किलोत कॅलरी किती. उत्तर आलं नाही, तर तेही उत्तरच.

शुद्धशाकाहारी_शेरू

तुमच्याकडे अंडंही येत नाही अशी घरं असतील याचा कोणी विचारच करत नाही. आमचा शेरू चार वर्षं शाकाहारी पाकीटबंद खाद्यावर आहे, दणकट आहे. (पॉपकॉर्न घेऊन बसलेल्यांनी उठावं, मी वाद घालायला आलेलो नाही.)

गोठा_ते_गल्ली

वाद नाहीच. नीट आखलेल्या शाकाहारी खाद्यावर कुत्रं राहू शकतं. मांजर नाही. वरण-भात आणि दूध-पोळी म्हणजे आखलेलं खाद्य नव्हे, एवढाच फरक. वर्षातून एकदा तपासणी करून घ्या, हृदय ऐकून.

काळीमाऊ

मांजरांचं माझ्यासाठी लिहिलंत का? :) एक विचारते. पाउचवर प्रथिनं ८ टक्के आणि कोरड्यावर ३०. मग पाउच बिनकामाचं?

ओसरी

मी सांगू? डॉक्टरांना जेवू दे. पाउचमध्ये ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० मध्ये ८, म्हणजे कोरड्या हिशेबाने ४०. पाणी काढल्याशिवाय दोघांची तुलना करायची नाही.

घटकांच्या यादीतही हीच पाण्याची गंमत. यादी शिजवण्याआधीच्या वजनाने लागते, म्हणून "ताजं चिकन" पहिलं दिसतं, त्यात पाणीच सत्तर टक्के. आणि खाली "तांदूळ, कणी, तांदळाचा कोंडा" असं तीन ठिकाणी मोडून लिहिलं की तांदूळ मागे ढकलला जातो. बेरीज करा, कोण पहिला येतो ते बघा.

सावंतवाडी_मेल

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक सांगतो. किलोवर सुटं मिळतं ते घेऊ नका. आमच्याकडे जुलैत उघडं पोतं दहा दिवसांत नरम पडतं, मग टोके होतात. बुरशी दिसायच्या आधीच अफलाटॉक्सिन असू शकतं, आणि शिजवून ते जात नाही. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस त्यानेच शंभरावर कुत्री गेली. महिन्याभरात संपेल एवढंच पोतं आणायचं, डब्यात ओतायचं नाही, पोत्यासकट डब्यात ठेवायचं. बॅच नंबरही राहतो आणि जुन्या तेलाचा खवट वासही डब्याला धरत नाही.

टेकडीवाली

धागा वर काढतेय, चौदा आठवडे झाले.

गुंड्या आज ३४.१. डॉक्टर म्हणाले सावकाश आहे पण बरोबर आहे. ग्रेन-फ्री आणि दोन बाटल्या परत गेल्या, हळदीच्या वड्या कपाटात आहेत. वजन उतरवायचं खाद्य, किलोला ३००० कॅलरी छापलेलं, दिवसाला २७५ ग्रॅम. ताकाचा पेला सासूबाईंनी स्वतःच्या ताकाला परत नेला.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. रात्री दोनला स्वयंपाकघरात जाऊन भांडं चाटत बसायचा, आवाज हॉलपर्यंत यायचा. एकदा मी रडले. मग रोजचंच खाद्य तीनदा विभागून द्यायला लागलो, दुपारच्या वाट्यात उकडलेला दुधी आणि फरसबी. वॉचमनदादांना बिस्किटांऐवजी गाजराच्या चकत्यांचा डबा देऊन ठेवलाय. म्हणाले, "ताई, हा घेत नाही हो गाजर." आता घेतो.

मागचा पाय अजून थोडा जपतो, पण परवा वेताळ टेकडीच्या चढावर माझ्या पुढे होता. त्यात वजनाचा वाटा किती आणि फिश ऑइलचा किती, मला सांगता यायचं नाही.

सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून काट्यावर मोजतात. २७५ च्या वर एक दाणा गेला तर काढतात. पण पोळीच्या वेळेला गुंड्या त्यांच्याकडे बघतो तेव्हा त्या उठून बाल्कनीत जातात.

डॉक्टर, ३१ ला पोचलो की पुढे किती?

गोठा_ते_गल्ली

एकदम वाढवू नका. दहा टक्के वाढवा, दोन आठवडे वजन बघा, उतरतच असेल तर आणखी दहा. काटा ठरला की थांबा. नसबंदी झालेल्या कुत्र्यांच्या तक्त्यात ९२० च्या १.६ पट लिहिलेलं असतं, पण सोफ्यावरच्या लॅबला तेवढं सहसा लागत नाही. आणि बाल्कनीत जाणाऱ्या आजींना सांगा, काकडीची फोड चालते. तूप न लावता.

खुंटा

आमच्या कुत्र्याचं पण वजन केलं शेवटी, पोत्यांच्या काट्यावर. २२ किलो. बरगड्या लागल्या, पालथ्या पंज्यासारख्या. ताक चालू ठेवतो.